आधी हलू दे, मग वळव

2023च्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेळगावहून फोंड्याकडे निघालो. आमची कुलदेवी तिकडची. वर्षातून एकदा ओटी भरायला जायचं हा आईचा नेम. गाडी माझी, पुण्याहून आणलेली. शेजारी बायको, मागे आई, बाबा आणि त्या दोघांच्या मध्ये आमची चार वर्षांची मुलगी. पिरनवाडी मागे पडली, जांबोटी गेली, कणकुंबीला चहा झाला. चहानंतर मी मुद्द्याला हात घातला.

मुद्दा होता बाबांची मारुती आठशे. 1999 साली घेतलेली, केए-22 पासिंगची. पंधरा वर्षं झाल्यावर तिचं रजिस्ट्रेशन आणखी पाच वर्षांसाठी वाढवलं, मग पुन्हा पाच वर्षांसाठी. ती मुदत 2024मध्ये संपणार होती. बाबा सत्तरीला आलेले, त्यात उजवा खांदा आखडलेला. हात खांद्याच्या वर जात नव्हता. आईनं मला फोनवर गुपचूप सांगितलं होतं, की महिन्यापूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांना गाडी वळवता आली नाही. समोरून टेम्पो आला, मागे रिक्षा उभी राहिली. शेवटी शेजारच्या मुलानं खिडकीतून हात घालून स्टेअरिंग ओढलं, तेव्हा गाडी आत आली. बाबांनी ह्यातलं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"बाबा, आता ती आठशे काढून टाकूया की," मी म्हणालो. "ह्या गाडीचं स्टेअरिंग बघा, एका बोटानं फिरतं."

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू."

चोर्ल्याचा घाट उतरायला लागलो. खाली अंजुणे धरणाचं पाणी मध्येच दिसत होतं. एका वळणाच्या तोंडाशी समोरच्या डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला. स्टेअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. त्याच क्षणी हातातलं स्टेअरिंग दगडासारखं झालं.

मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी वळणावरच, अर्धी तिरकी उभी राहिली. डाव्या बाजूला कठडा होता, पण फार लांब नव्हता. मी उजवीकडे स्टेअरिंग ओढायला लागलो. दोन्ही हातांनी जोर लावला तरी ते जेमतेम चार बोटं हललं. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मुलगी गप्प झाली.

मागून बाबांचा आवाज आला, एकदम शांत. "उभ्या गाडीत कशाला झटापट करतोस? ब्रेक थोडा सोड. आधी हलू दे, मग वळव."

हे वाक्य मी सोळा वर्षांपूर्वी शंभर वेळा ऐकलं होतं. ब्रेक जरासा सोडला, उतारावर गाडी दोन फूट सरकली, आणि जे स्टेअरिंग मघाशी जागचं हलत नव्हतं ते वळलं. जड होतं, पण वळलं.

2007 साली मी अठरा वर्षांचा झालो, तेव्हा गाडी शिकलो ती ह्याच आठशेवर, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला. सकाळी सहाला, फिरायला येणारी मंडळी वाढायच्या आत. तिला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांना तेव्हा ते नव्हतंच, त्यामुळे काही कमी आहे असंही वाटायचं नाही. काळं, बारीक रिंगचं चाक, आणि मी ते उन्हाळ्यात घामेजल्या हातांनी ओढत बसायचो.

बाबांचे नियम मोजके होते. पहिला, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायचं नाही. पार्किंगमधून काढतानासुद्धा गाडी मुंगीच्या पावलानं का होईना, हलती ठेवायची आणि मगच कट मारायचा. दुसरा, एका हातानं ओढायचं आणि दुसऱ्यानं ढकलायचं. तिसरा, वळण संपलं की स्टेअरिंग सोडून द्यायचं नाही, हातातून सरकू द्यायचं. ते आपोआप सरळ होतं. चौथा नियम विचित्र वाटायचा: अंगठा रिंगच्या आत घालायचा नाही. तो का, हे खानापूर रोडवरच्या एका खड्ड्यानं शिकवलं. पुढचं चाक आदळलं, स्टेअरिंग फाडकन उलटं फिरलं आणि आतला दांडा अंगठ्यावर बसला. दोन दिवस पेन धरता येत नव्हतं. "रस्ता पण स्टेअरिंग फिरवतो, फक्त तूच नाही," बाबा म्हणाले.

बाबांनी उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. बेळगाव फाउंड्रीचं गाव, तसंच हायड्रॉलिक्सचंही. तेलाच्या दाबावर टनभर वजन कसं उचलायचं हे ज्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल, त्यांच्या स्वतःच्या गाडीत मात्र सगळं काम दंडाच्या जोरावर चालायचं. ह्यावरून कारखान्यातली माणसं त्यांना चिडवायची, असं ते हसत सांगतात.

उभी गाडी वळवणं इतकं जड का? बाबांनी मला हे खोडरबरानं समजावलं होतं. खोडरबर कागदावर दाबून धर आणि जागच्या जागी पीळ. सगळा रबर कागदाला चिकटून विरोध करतो. उभ्या गाडीचा टायर रस्त्यावर असाच रगडला जातो. पण चाक फिरत असेल, तर जमिनीला टेकलेला रबराचा भाग दर क्षणाला उचलला जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. पिळायला असा अडकून राहिलेला भागच उरत नाही. म्हणून गाडी थोडी हलली की जोर निम्म्याहून कमी लागतो असं हाताला वाटतं, आणि वेग आला की जडपणा जवळजवळ विसरायला होतो. बिनपॉवरची गाडी हायवेवर कुणालाच त्रास देत नाही. तिचा त्रास गल्लीत, पार्किंगमध्ये आणि घाटातल्या आखूड वळणावर.

मग आठशे सत्तरीच्या माणसालाही इतकी वर्षं कशी झेपली? एक तर ती हलकी. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, पुढे 796 सीसीचं तीन सिलिंडरचं लहानसं इंजिन, टायर 145 मिलिमीटरचे. दुसरं म्हणजे आतला दात्यांचा हिशोब. अशा गाडीत स्टेअरिंग भरपूर फिरवावं लागतं, तेव्हा चाक थोडं वळतं. जॅकचा दांडा आपण किती फिरवतो आणि गाडी बोटभर उचलते, तसंच. फेऱ्या जास्त, जोर कमी. जुन्या एसटी आणि आमच्याकडच्या लाल बसचं स्टेअरिंग परातीएवढं असायचं तेही ह्याचसाठी. रिंग जितकी मोठी, तितका हाताला जोर मिळतो. लहानपणी मी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसून बघायचो. स्टँडवरून बस काढताना ड्रायव्हरमामा सीटवरून अर्धे उठायचे आणि सगळं अंग त्या चाकावर टाकायचे. तेव्हा मला तो रुबाब वाटायचा. ती खरं तर मेहनत होती.

ही मेहनत कमी करायची धडपड जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस ह्या अमेरिकन इंजिनिअरनं 1920च्या दशकातच तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग करून दाखवलं होतं. पण ते दुकानात मिळणाऱ्या मोटारीत यायला 1951 उजाडलं. त्या वर्षी क्रायस्लरनं आपल्या इंपीरियल गाडीत ते दिलं. इंजिनावर पट्ट्यानं फिरणारा पंप, त्यातून येणारं तेल आणि मध्ये एक व्हॉल्व्ह. आपण ज्या बाजूला स्टेअरिंग फिरवू त्या बाजूला तेल ढकलायचं, एवढंच त्याचं काम. हे बाबांच्या रोजच्या धंद्यातलं. पुढची पायरी जपानमध्ये आली. 1988 साली सुझुकीनं सर्वो नावाच्या छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर बसवली. म्हणजे ज्या सुझुकीच्या तंत्रावर 1983पासून आपल्याकडे आठशे बनत होती, तिनंच ही गोष्ट पहिल्यांदा रस्त्यावर आणली. आठशेचं उत्पादन जानेवारी 2014मध्ये थांबलं, आणि आता नव्या गाड्यांत विजेचं स्टेअरिंग नाही अशी गाडी शोधावी लागते.

विजेच्या पद्धतीत स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण जोर लावला की ती किंचित पिळली जाते. सेन्सर तो पीळ मोजतो, छोटा कॉम्प्युटर गाडीचा वेग बघतो आणि मोटरला सांगतो, किती मदत कर. वेग कमी असेल तर जास्त, वेग वाढला तर कमी. मी सॉफ्टवेअरवाला, मला ह्याचं कौतुक वाटतंच. आमचा धंदाही तोच: मागे चाललेली खटपट लपवून माणसाच्या हातात एक बटण द्यायचं. पण बटण देताना आम्ही एक विसरतो. खटपट संपलेली नसते, ती दुसरं कोणीतरी करत असतं. ते कोणीतरी थांबलं की सगळं ओझं एकदम आपल्या हातावर येतं, आणि हाताला सवय नसते.

त्या दिवशी चोर्ल्यात नेमकं हेच झालं. वळण पार करून थोड्या रुंद जागी मी गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले. मोबाइलला रेंज नव्हती. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं, पिवळा दिवा तसाच. बाबा उतरले, बोनेट उघडायला लावलं, वाकून बघितलं, पण खांदा आडवा आला. मग म्हणाले, "स्टेअरिंग तुटलेलं नाही. सांधा जागेवर आहे, फक्त मदत बंद झालीय. तुला झेपत असेल तर दुसऱ्या गिअरात हळूहळू केरीपर्यंत जाऊ. झेपत नसेल तर इथंच थांबू, कुणाच्या तरी गाडीतून निरोप पाठवू. लाज वाटून घेऊ नको."

मी आधी त्या रिकाम्या जागेतच गाडी पुढेमागे करून बघितली. जमत होतं. मग निघालो. बायको आई-मुलीबरोबर मागे बसली आणि बाबा पुढे आले. दुसरा गिअर, वेग वीसच्या आत. प्रत्येक वळणाच्या आधी बाबा सांगत होते, "आत्तापासून वळवायला घे. उशीर करशील तर एकदम ओढावं लागेल. ओढ, ढकल. हां. आता सरकू दे." त्यांचा उजवा हात दुखरा, तरी तो हवेत माझ्याबरोबर वळत होता. केरी आलं तेव्हा माझे दंड थरथरत होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

एक गोष्ट मला त्या उतारावर कळली. पॉवर बंद पडलेली गाडी ही मुळात पॉवर नसलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जड असते. माझी गाडी अकराशे किलोच्या वरची, टायर 215 मिलिमीटरचे. शिवाय मदतीला मोटर आहे हे धरूनच आतले दाते असे बनवलेले, की थोडं स्टेअरिंग फिरवलं तरी चाक बरंच वळावं. म्हणजे जॅकच्या उलटा हिशोब. फेऱ्या कमी, जोर जास्त. वर बंद मोटरही हातानंच फिरवायची. "मी आठशे चालवली आहे, मला काय" असं म्हणून चालत नाही. आठशेनं मला ताकद दिली नव्हती. कधी जोर लावायचा आणि कधी नाही, एवढंच शिकवलं होतं.

साखळीतल्या मेकॅनिकनं दहा मिनिटांत कारण शोधलं. बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी बुरशी धरली होती आणि पकड सैल झाली होती. वळणावर स्टेअरिंगची मोटर एकदम बराच करंट ओढते. तो मिळाला नाही, व्होल्टेज पडलं आणि कॉम्प्युटरनं मदत बंद केली. त्यानं टर्मिनल घासलं, आवळलं, गाडी चालू केली, दिवा गेला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी रोज ज्या गाडीत बसायचो तिचं बोनेट सहा महिन्यांत उघडलं नव्हतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हलक्या स्टेअरिंगशिवाय दुसरं काही हातात धरलेलं नसेल. म्हणून चार गोष्टी सांगतो. चालत्या गाडीत स्टेअरिंग अचानक जड झालं, तर पहिल्यांदा दोन्ही हातांनी धरा आणि वेग कमी करा. माझ्यासारखा वळणावर ब्रेक दाबून उभे राहू नका. जड झालं तरी ते वळतं, कारण चाकाशी जोडणी लोखंडी आहे. सुरक्षित जागा बघून थांबा. इंजिन एकदा बंद करून सुरू केल्यावरही दिवा राहिला तर गाडी दाखवून घ्या. जोर झेपत नसेल तर टो करून न्या. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय काही जणांना असते. ती सोडा. इंजिन बंद झालं की स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते, आणि चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. आणि स्टेअरिंग हळूहळू जड वाटायला लागलं, तर आधी टायरची हवा तपासा. बाबा तर हवा कमी झालेली हातानंच ओळखायचे. "डावीकडे ओढतेय रे," म्हणून थांबायचे आणि बघावं तर डावा पुढचा टायर बसत आलेला असायचा. मोटर मदत करायला लागली की असे निरोप हातापर्यंत पुसट होऊन येतात.

देवीची ओटी त्या दिवशी दुपारी उशिरा भरली गेली. परत येताना घाट मीच चढवला, आठशेचा विषय कोणी काढला नाही. घरी पोचल्यावर बाबांनी चावी टेबलावर ठेवली आणि स्वतःच बोलले. "गल्लीतलं आईनं सांगितलंय तुला, माहीत आहे मला. हात उठत नाही. ब्रेक, क्लच सगळं जमतं, वळवायलाच जमत नाही. आज तुझ्या जागी मी असतो तर गाडी उतरवू शकलो नसतो." थोडं थांबून म्हणाले, "पण तू घाटात उतरवलीस ती ह्या आठशेमुळे. आता काय करायचं ते तू ठरव."

मी तिला काढून टाकायचं ठरवूनच आलो होतो. ते तसं झालं नाही. 2024मध्ये फिटनेस तपासणी करून तिचे कागद आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतले. त्याआधी पुढचे टायर बदलले, स्टेअरिंगचे सांधे तपासले. बाबा आता ती चालवत नाहीत. खांद्याचा व्यायाम चालू आहे, हात पूर्वीपेक्षा वर जातो, पण त्यांनी पुन्हा आग्रह धरलेला नाही. बाजारात जायला रिक्षा बोलावतात. ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने रविवारी सकाळी नुसती गाडी धुऊन परत आत यायचे.

सुट्टीला आलो की आम्ही पुन्हा व्हॅक्सिन डेपोला जातो. ह्या वेळी स्टेअरिंगवर माझी बायको असते. तिनं पुण्यात ऑटोमॅटिकवर लायसन्स काढलंय आणि चोर्ल्यानंतर तिनंच सांगितलं, मलाही हे शिकायचंय. बाबा डाव्या सीटवर. पहिल्या दिवशी ती उभ्या गाडीत पूर्ण ताकदीनं चाक ओढत होती, हलेना. बाबा हसले. "सूनबाई, भांडू नका तिच्याशी. आधी हलू दे, मग वळवा."

परत येताना मात्र ते माझ्या गाडीत बसतात, आणि डेपोच्या रिकाम्या रस्त्यावर एक फेरी स्वतः मारतात. पहिल्यांदा मारली तेव्हा डाव्या हातानं स्टेअरिंग पूर्ण फिरवून बघितलं, उजवा हात मांडीवर ठेवून. खांद्याला काही झालं नाही. "हलकं आहे रे," ते म्हणाले, "बरं वाटतं." मग खाली उतरून त्यांनी आधी बोनेट उघडायला लावलं आणि बॅटरीच्या टर्मिनलवर बोट फिरवून बघितलं.